ज्वर जातो, व्याधि राहतो : ज्वरोत्तर जीर्णव्याधीच्या इतिहासाचीं वऱ्हाडांतील साधनें

(१)

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मृतांच्या संख्येवरून लिहिला जातो. कोणत्या सालीं पटकी आली, प्लेगनें कोणतें गांव उठविलें, मानमोडीनें किती माणसें नेलीं, एवढें सांगितलें म्हणजे इतिहासकाराचें काम संपलें असा समज आहे. जे मेले त्यांची नोंद सरकारी बुकांत आहे; जे बरे झाले त्यांस नोंदीची गरज नाहीं; अशी ही सोपी वांटणी. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरा वर्ग सर्व काळीं होता. ताप उतरला, वैद्यानें पथ्य सोडविलें, घरच्यांनीं देवापुढें नारळ फोडला, आणि तरीहि तो मनुष्य पूर्वीचा झाला नाहीं. अशा मनुष्याविषयीं घरांत म्हणतात, अंगांत कसर राहिली आहे. 'कसर' हा शब्द मराठी घरांत नित्याचा आहे. पण ज्यांच्या अंगांत ती राहिली त्यांचा इतिहास लिहिण्याकडे आपलें लक्ष गेलेलें नाहीं. त्या इतिहासाचीं साधनें कोणतीं, तीं वऱ्हाडांत कोठें सांपडतील, व तीं आजच कां जमविलीं पाहिजेत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

विषय केवळ जिज्ञासेचा नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रांत डोकें वर काढूं लागली ती प्रथम ज्या भागांत, त्यांत अमरावती, अकोला व यवतमाळ हे जिल्हे होते. अमरावती व अचलपूर येथें २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागू झाली हें वाचकांस स्मरत असेलच. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें 'कोविडोत्तर अवस्थे'ची व्याख्या प्रसिद्ध केली. संसर्गापासून सुमारें तीन महिन्यांनीं आढळणारीं, निदान दोन महिने टिकणारीं, आणि दुसऱ्या कोणत्याहि निदानानें न उलगडणारीं लक्षणें, असा तिचा आशय आहे. थकवा, धाप व बुद्धीचें मांद्य हीं त्यांतील प्रमुख होत. म्हणजे घरांत जिला कसर म्हणतात तिला आतां शास्त्राच्या दरबारीं जागा मिळाली आहे. तथापि आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतून असा रोगी आजहि 'सर्व तपासण्या चांगल्या आहेत, दुखणें मनाचें आहे' हें उत्तर घेऊन परत येतो. त्याच्या बोलण्यास आधार देणारें कागद त्याच्यापाशीं नाहींत, आणि त्याच्या आजोबापणजोबांचे कागद आपण रद्दींत घातले आहेत. संशोधनाचा संबंध येथें येतो.

(२)

प्रथम ग्रंथाकडे वळूं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय ज्वराचा आहे. या स्थानांतील कोणते अध्याय चरकाचे व कोणते दृढबलानें मागाहून पुरे केलेले, याविषयीं पाठपरंपरांत मतभेद आहे. तथापि ज्वराध्याय दोन्ही पक्षीं चरकाकडेच जातो. या अध्यायाच्या अखेरच्या भागांत ज्वरमुक्त मनुष्याचा विचार असून तो दोनपदरी आहे.

पहिला पदर परिचित आहे. ज्वर गेला तरी बल आलें नाहीं तोंवर व्यायाम, मैथुन, स्नान व फिरणें वर्ज्य करावें. नाहीं तर गेलेला ज्वर उलटतो. यासच पुनरावर्तक ज्वर म्हणतात, व त्यावर किराईत, कुटकी, नागरमोथा, पित्तपापडा व गुळवेल यांचें नित्य सेवन सांगितलें आहे.

दुसरा पदर पुष्कळ वाचक ओलांडून जातात. ज्वर परत न उलटतांहि, शरीरांतून नीट न निघालेले दोष धातूंमध्येंच क्रमाक्रमानें पिकत राहिले तर ते मनुष्यास पीडा देतात, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. त्या पीडेचीं नांवेंहि दिलीं आहेत: दैन्य, सूज, ग्लानि, पांडुता, अन्नावर वासना नसणें, कंडु, अंगावर उठणाऱ्या गांधी, पुटकुळ्या आणि मंदाग्नि. ज्वर नसतां ज्वराचा अपकार चालू राहतो, हें या विवेचनाचें सार.

येथें एक सावधगिरी राखली पाहिजे. आधुनिक शास्त्रांत जें जें निघतें तें तें आपल्या पोथींत होतेंच, असें म्हणण्याची एक चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. दोष म्हणजे विषाणु नव्हे, आणि कोरोना चरकास ठाऊक नव्हता. या वचनांचें मोल निराळें आहे. ज्वर उतरल्यावर वैद्यानें पाठ फिरविली नाहीं, तो रोग्याकडे पुढेंहि पाहत राहिला, आणि जें दिसलें त्यास ग्रंथांत जागा दिली, एवढें त्यांवरून निश्चित ठरतें. इतिहासाच्या दृष्टीनें तेंच पुरेसें आहे. श्रमाविषयींचा निषेधहि लक्षांत घेण्याजोगा आहे. अशा जीर्णव्याधींपैकीं एका प्रमुख प्रकारांत थोड्या श्रमानंतर, कित्येकदां एकदोन दिवसांच्या अंतरानें, सर्व लक्षणें वाढतात असें आजचे वैद्य सांगतात. आणि पूर्वीं अशा रोग्यांस क्रमाक्रमानें व्यायाम वाढविण्याची जी चिकित्सा दिली जाई ती देऊं नये, असें ब्रिटनमधील 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनें ऑक्टोबर २०२१ मध्यें ठरविलें.

(३)

रोग्याची अवस्था ग्रंथकारास कळली कशी? याचें उत्तरहि चरकांतच आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक व रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण गणले आहेत. रोग्याचे गुण स्मृति, सांगितल्याप्रमाणें वागणें, निर्भयता आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपलें दुखणें दुसऱ्यास कळवितां येणें, हे होत. स्मृति आणि ज्ञापकत्व हे गुण ज्याच्या ठिकाणीं आहेत त्यास आपण इतिहाससंशोधक साक्षीदार म्हणतों. तेव्हां रोगी हा चिकित्सेचा विषय तर आहेच, पण तो साक्षीदारहि आहे.

साक्षीदाराच्या मर्यादाहि संहितेनें ओळखल्या आहेत. रानांतील शेळ्यामेंढ्या व गुरें राखणारे लोक वनस्पति नांवानें व रूपानें ओळखतात, असें सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत म्हटलें आहे. पण नांवरूप कळल्यानें योजना कळत नाहीं, हेंहि लगेच सांगितलें आहे. हाच न्याय येथें लावावा. रोग्यास आपल्या दुखण्याचें नांवरूप इतर कोणाहूनहि अधिक कळतें. त्याचें कारण व उपाय ठरविण्यास शास्त्रज्ञ पाहिजे. एकाचें ज्ञान दुसऱ्याच्या ज्ञानानें खोटें ठरत नाहीं.

दोघांचीं ज्ञानें एकत्र यावयाचीं तर संभाषा पाहिजे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे त्या त्या विद्येच्या जाणत्यांच्या चर्चेचे, दोन प्रकार आहेत: सख्यानें होते ती सन्धाय संभाषा, व जिंकण्यासाठीं होते ती विगृह्य संभाषा. पहिलीनें ज्ञान वाढतें व संशय फिटतो. प्रत्यक्ष परिषदेचें चित्र सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. पुरुष व त्याचे रोग कशापासून उत्पन्न होतात असा प्रश्न काशिपति वामक टाकतो. एक ऋषि म्हणतो आत्म्यापासून, दुसरा म्हणतो मनापासून, तिसरा म्हणतो रसापासून. आणि अखेरीस पुनर्वसु आत्रेय म्हणतो कीं, आपापला पक्ष धरून वाद घालणारे तेल्याच्या घाण्याभोंवतीं फिरणाऱ्यासारखे फिरतच राहतात, शेवटास पोंचत नाहींत. हा घाणा ज्वरोत्तर व्याधीच्या आधुनिक इतिहासांतहि फिरलेला आहे. तो कसा, तें पाहूं.

(४)

जुलै १९५५ मध्यें लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत एक चमत्कारिक साथ उद्भवली. डॉक्टर, परिचारिका व इतर नोकर मिळून २९२ माणसें आजारी पडलीं. रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावें लागलें. पुष्कळजण बरे झाले. कांहींचा थकवा व स्नायूंचें दौर्बल्य पुढें वर्षानुवर्षें टिकलें. १९७० सालीं मॅकएव्हेडी व बिअर्ड या दोन मानसरोगतज्ज्ञांनीं, जुन्या केसपेपरांचें वाचन करून, ही साथ म्हणजे सामुदायिक उन्माद होता असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोगी बहुतांशीं स्त्रिया होत्या, हेंहि त्यांनीं आपल्या पक्षाचें प्रमाण मानलें. त्यांनीं रोग्यांची भेट घेतली नाहीं, त्यांस तपासलेंहि नाहीं. हस्तलिखितांचा व्यवसाय करणाऱ्यांस या पद्धतीचा दोष सांगावयास नको. मूळ साक्षीदार हयात असतां केवळ दुसऱ्यानें केलेल्या टिपणावरून निर्णय देणें हा साधनपरीक्षणांतील मोठा दोष होय. पुढें १९७८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें या व्याधीवर परिषद भरली व तेथें शारीरिक कारणांच्या बाजूचा पुरावा मांडला गेला. पण तोंवर रोग्यांवर बसलेला शिक्का सहजीं पुसला गेला नाहीं.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियांतील डबो या ग्रामीण गांवाचें आहे. तेथें संशोधकांनीं तीन भिन्न संसर्ग झालेल्या २५३ रोग्यांचा पहिल्या तापापासून पाठपुरावा केला. त्यांतील एक संसर्ग रॉस रिव्हर विषाणूचा, म्हणजे आपल्याकडील चिकुनगुनियाच्या कुळांतला होता. २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनंतर शंभरांतील सुमारें १२ जण आजारीच होते, आणि कोण आजारी राहील हें त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसून मूळचा ताप किती तीव्र होता त्यावर अवलंबून होतें. तिन्ही संसर्गांनंतरचें चित्र जवळजवळ सारखेंच होतें. येथें रोग्यास प्रारंभापासून विचारलें गेलें, म्हणून वाद घाण्याभोंवतीं न फिरतां एक पाऊल पुढें गेला.

अलीकडे परिषदांचें स्वरूपहि पालटत आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें अमेरिकेंतील सँटा फे येथें कोविडोत्तर व इतर संसर्गोत्तर व्याधींवर शास्त्रज्ञांची परिषद झाली. मे २०२४ मध्यें 'युनाइट टु फाइट' या नांवाची परिषद रोग्यांच्या संघांनींच दूरसंचारमार्गें भरविली. संशोधक व रोगी एका व्यासपीठावर आले, आणि अंथरुणास खिळलेल्या मनुष्यासहि चर्चा ऐकतां आली. सन्धाय संभाषेचें हें रूप आम्हांस विशेष समाधानकारक वाटतें.

(५)

आतां वऱ्हाडाकडे येऊं. १९१८ च्या शरदांत आलेल्या इन्फ्लुएंझास आपल्या लोकांनीं मानमोडी हें नांव दिलें. हिंदुस्थानांतील प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वांत अधिक होरपळलेल्यांपैकीं होता, आणि त्यांत त्या वर्षीं पाऊसहि बुडाला. या काळच्या मृत्युनोंदी पाहूं जातां बहुसंख्य मृत्यु नुसत्या 'ताप' या सदराखालीं पडलेले आढळतात; गांवकामगारानें लिहावयाचें सदरच तें होतें. मेलेल्यांची ही स्थिति, तर उठलेल्यांस रकानाच नाहीं. नॉर्वेंत मात्र मनोरुग्णालयांच्या जुन्या प्रवेशवह्या टिकल्या, म्हणून स्वेन-एरिक मामेलुंड या संशोधकास इन्फ्लुएंझाच्या निमित्तानें दाखल होणाऱ्यांची संख्या साथीनंतर सहा वर्षें वाढलेली होती असें दाखवितां आलें. त्या वह्या कोणीं जाळल्या असत्या तर शास्त्रास ही गोष्ट कळती ना.

दुसरें प्रकरण चिकुनगुनियाचें. हा विषाणु १९५२-५३ च्या साथींत टांगानिकांत प्रथम हातीं लागला. तेथील माकोंदे भाषेंत या नांवाचा अर्थ वांकविणारा असा आहे, कारण सांधे धरून रोगी वांकून चालतो. आपल्याकडे नांवाच्या साम्यावरून लोकांनीं त्याचा संबंध कोंबडीशीं जोडला. वास्तविक तो डांसांपासून होतो. १९६५ सालीं नागपूर शहरांत व १९७३ सालीं बार्शीस त्याची साथ आली. मग तो जवळजवळ विस्मृतींत गेला, आणि २००६ सालीं देशांत तेरा लाखांहून अधिक संशयित रोगी नोंदले गेले. विदर्भहि सुटला नाहीं. ताप आठवड्यांत गेला, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन् महिने धरले. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील खेड्यांत घरोघर जाऊन पांचशेंहून अधिक रोग्यांचा दोन वर्षें मागोवा घेतला. बहुतेक बरे झाले. थोड्यांचें दुखणें दोन वर्षांनंतरहि राहिलें. नागपूरच्या १९६५ च्या साथीनंतर असा मागोवा घेतला जाता, तर २००६ सालीं सांध्यांसाठीं दारोदार फिरणाऱ्या रोग्यास पुढें काय होणार तें कोणी तरी सांगूं शकता.

तिसरें साधन अमरावतीच्या वेशींतच आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं कुष्ठरोग्यांकरितां तपोवन स्थापिलें. कुष्ठ हा मुळांतच जीर्ण रोग, तेव्हां तो ज्वरोत्तर व्याधींत सरळ बसत नाहीं. पण आमच्या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उदाहरण त्यांतच आहे. १९८० नंतरच्या बहुविध औषधयोजनेनें जंतु मरतात. परंतु मज्जातंतूंची झालेली हानि, बधिर झालेले हातपाय व औषध संपल्यावरहि उद्भवणाऱ्या प्रतिक्रिया राहतात. औषधक्रम पुरा झाला कीं रोग्याचें नांव उपचारपटांतून कमी होतें. डिसेंबर २००५ मध्यें भारतानें राष्ट्रीय पातळीवर कुष्ठनिर्मूलनाचें ठरविलेलें प्रमाण, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रोगी, गांठलें. ही मोठीच गोष्ट झाली. पण पटावरून गेलेलें नांव म्हणजे देहांतून गेलेली पीडा नव्हे. तपोवनासारखी संस्था नसती तर त्या देहांचा पत्ता कोणत्या कागदावर लागता?

या तिन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट निघते. आपलें दप्तर रोगाची नोंद ठेवतें, रोग्याची ठेवीत नाहीं; ज्वराबरोबर नोंद संपते, व्याधि संपत नाहीं.

(६)

मग साधनें कोठें शोधावीं? वऱ्हाडास या बाबतींत एक थोर आदर्श घरचाच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋद्धिपूर येथें म्हाइंभटानें लीळाचरित्र सिद्ध केलें तें पोथ्यांवरून नव्हे. ज्यांनीं चक्रधरांस पाहिलें ऐकलें त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या तोंडून त्यानें आठवणी मिळविल्या व नागदेवाचार्यांपुढें पडताळून घेतल्या. साक्षीदार हयात आहेत तोंवरच हें काम होतें, हें त्यानें जाणलें होतें. आणि योगायोग असा कीं, 'लाँग कोविड' हें आज जगभर रूढ झालेलें नांव मे २०२० मध्यें प्रथम योजिलें तें एलिसा पेरेगो या इटालियन पुराणवस्तुसंशोधक बाईंनीं; त्या स्वतः रोगी होत्या. आपल्याच धंद्यांतल्या व्यक्तीनें आपल्या दुखण्यास नांव दिलें व वैद्यकानें तें स्वीकारलें, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

आमच्या दृष्टीनें जमविण्याजोगे कागद येणेंप्रमाणें. पहिले, वैद्यघराण्यांतील बाडें व योगसंग्रह. पोथीच्या कोऱ्या पानावर लिहिलेला काढा कोणास किती दिवस दिला याची ओळ आपण गौण समजून सोडतों, ती सोडूं नये. दुसरीं, खासगी पत्रें. प्रकृतीविषयींचें वाक्य शिष्टाचाराचें म्हणून गाळण्याची चाल संपादकांनीं टाकावी. तिसरे, घरखर्चाचे रोजमेळ. एकाच माणसाच्या नांवें वर्षभर पडत राहिलेला औषधाचा खर्च हा मुका साक्षीदार होय. चवथे, शाळांचे हजेरीपट व नोकरांचे रजेचे अर्ज. आमची हयात शाळेंत गेली, त्यावरून सांगतों कीं, साथीनंतर परत आलेला मुलगा पुढील वर्षीं किती दिवस गैरहजर होता हें हजेरीपटाइतकें निर्विकारपणें दुसरें कांहीं सांगत नाहीं. आणि जुने पट बहुधा प्रथम रद्दींत जातात. पांचवे, २००६ व २०२१ चे अगदीं नवे कागद: औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल. यांतील उष्णतेनें छापलेले कागद कांहीं वर्षांतच कोरे पडतात. त्यांची नक्कल आजच करून ठेवली पाहिजे. मोडी दप्तर तीनशें वर्षें टिकलें म्हणून हेंहि टिकेल असें समजूं नये.

सहावें व सर्वांत निकडीचें साधन म्हणजे तोंडी साक्ष. ती घेतांना प्रश्न थोडे व साधे असावेत: ताप कोणत्या महिन्यांत आला, किती दिवस राहिला, त्यापूर्वीं कोणतें काम सहज होई, आतां कोणतें होत नाहीं, श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशीं काय होतें, वैद्यांनीं व घरच्यांनीं काय म्हटलें. उत्तर रोग्याच्याच शब्दांत उतरावें. 'हातपाय गळून जातात' या बोलण्याचें 'अशक्तता' असें शुद्धीकरण करूं नये. पाठभेद राखणें हा आपला धर्मच आहे. फार वेळ बोलवून रोग्यास शिणवूं नये. हयात माणसाचें नांव व ठिकाण त्याच्या संमतीवांचून कोणत्याहि यादींत घालूं नये. साक्ष आपली नव्हे, त्याची आहे.

यवतमाळच्या शारदाश्रमांत डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं पोथ्या जमविल्या नसत्या, तर महानुभावांच्या वाङ्मयाचा केवढा तरी भाग आपल्या हातचा गेला असता. संग्राहकाच्या एका सवयीवर पुढल्या पिढ्यांचें ज्ञान अवलंबून असतें. मानमोडीच्या साक्षीदारांपैकीं आतां विचारण्यास कोणी उरलें नाहीं. २००६ व २०२१ चे साक्षीदार मात्र आपल्या गल्लींत आहेत. त्यांच्यापैकीं कोणी बरा होऊन कामास लागला असेल तर आनंदच आहे. कोणी अद्याप ओसरीवर बसून असेल, तर त्याच्याजवळ जाऊन वही उघडावी. पुढील संभाषेंत वऱ्हाडाच्या वतीनें कोणी विचारलें कीं आपल्याकडे या व्याधीचा पुरावा काय, तर हातांत ठेवण्यास आपल्यापाशीं कागद असले पाहिजेत.